कॅमेरे वाढवायचे की दिवे? पार्किंगमधल्या चोरीनंतर पडलेला प्रश्न

उंबरठा
गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या पार्किंगमधून दोन सायकली गेल्या आणि एका गाडीची मागची काच फोडून बॅग पळवली. कॅमेरा होता. अगदी त्याच कोपऱ्याकडे तोंड करून होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा-सातजण रेकॉर्डिंग बघायला बसलो, तर दिसलं काय: टोपी घातलेली एक आकृती येते, वाकते, चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग, आणि चार मिनिटांत सायकल घेऊन चौकटीबाहेर. पडद्यावरचं घड्याळही पुढे गेलेलं, त्यामुळे चोरी नेमकी किती वाजता झाली यावरच अर्धा तास वाद.

रविवारी बैठक झाली तेव्हा ठराव जवळजवळ तयारच होता. आठ कॅमेरे आहेत, त्यांचे वीस करायचे. मी म्हणालो, मागच्या जिन्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेवरचे तीन दिवे कित्येक महिने बंद आहेत, ते आधी लावू. त्यावर एकाने सुनावलं, "दिव्याने चोर पकडता येतो का?" नाही येत, मान्य. पण कॅमेऱ्यानेही पकडला नव्हता. शेवटी ठराव पंधरा दिवस पुढे ढकलला आणि माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं.

मला हे समजून घ्यायचंय: कॅमेऱ्याने गुन्हा मुळात टळतो का, की फक्त झाल्यावर बघता येतो? दिव्यांचं काय? आणि एका जागी बंदोबस्त केला की चोर पलीकडच्या गल्लीत जातो म्हणतात, ते कितपत खरं? अनुभव, वाचन, तांत्रिक माहिती, सगळं चालेल. नुसतं मत असेल तर तसं सांगून लिहा, म्हणजे बैठकीत मांडताना माझी गफलत होणार नाही.

पायवाट
वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद आहे.

मोजपट्टी
या विषयावर बरंच मोजमाप झालेलं आहे, त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज नाही.

सगळ्यात मोठा आढावा २०१९ मधला. पिझा, वेल्श, फॅरिंग्टन आणि थॉमस या चौघांनी चाळीस वर्षांतले ८० अभ्यास गोळा केले आणि त्यातल्या ७६ अभ्यासांची एकत्रित आकडेमोड केली. कॅमेरे लावलेला भाग आणि कॅमेरे नसलेला तसाच दुसरा भाग यांची तुलना केली, तर कॅमेऱ्यांच्या भागात गुन्हे साधारण १३ टक्क्यांनी कमी भरले. पण या १३ वर थांबू नका, कारण ही सरासरी फार वेगवेगळ्या गोष्टींची आहे. गाड्यांच्या तळांवर घट ३७ टक्के. राहत्या वस्त्यांमध्ये १२ च्या आसपास. वाहनांशी संबंधित आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांत फरक दिसतो. मारामारी, हल्ले यांत मात्र सांगण्यासारखा फरक सापडला नाही.

असं का? पार्किंग ही बांधलेली जागा असते, आत-बाहेर जायच्या वाटा मोजक्या. तिथे येणारा चोर ठरवून येतो, इकडेतिकडे बघतो, पकडलो जाऊ का याचा हिशेब करतो. कॅमेरा त्या हिशेबात भर घालतो. संतापाच्या भरात किंवा नशेत हात उचलणारा माणूस हिशेब करतच नाही, तेव्हा त्याच्या डोक्यावर एक कॅमेरा असला काय आणि दहा असले काय.

त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट तुमच्या बैठकीत नक्की सांगा. जिथे पडद्यासमोर माणूस बसून प्रत्यक्ष बघत होता तिथे परिणाम जास्त होता. आणि जिथे कॅमेऱ्यांच्या जोडीला दिवे, कुंपण, पहारा असं काही एकत्र केलं होतं तिथेही जास्त. म्हणजे त्या ३७ टक्क्यांचं सगळं श्रेय कॅमेऱ्याला देता येत नाही.

ब्रिटनची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. १९९६ ते १९९८ या काळात तिथल्या गृहखात्याने गुन्हे टाळण्यासाठी जो पैसा खर्च केला, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त एकट्या कॅमेऱ्यांवर गेला. नंतर याच खात्यासाठी गिल आणि स्प्रिग्ज यांनी १३ ठिकाणच्या यंत्रणा तपासल्या. २००५ च्या त्या अहवालात सहा ठिकाणी तुलनेने बऱ्यापैकी घट दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली फक्त दोन ठिकाणची.

आता सगळ्यात सहज होणारी चूक. कॅमेरे कधी लावले जातात? चोऱ्या एकदम वाढल्या की. पण एखादा वाईट महिना गेला की पुढचे महिने आपोआपच नेहमीच्या पातळीवर येतात, काही केलं नाही तरी. मधल्या काळात कॅमेरे लागलेले असले की श्रेय त्यांच्या खात्यावर जमा होतं. उंबरठा, तुमच्याकडे वीस कॅमेरे लागले आणि पुढचे चार महिने काही गेलं नाही, तर तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

चोर पलीकडे सरकतो का, यावर ग्युरेट आणि बॉवर्स यांनी २००९ मध्ये १०२ अभ्यास चाळले. जागेनुसार बंदोबस्त केल्यावर गुन्हा दुसरीकडे सरकल्याचं साधारण २६ टक्के निरीक्षणांत दिसलं. आणि २७ टक्के निरीक्षणांत उलट झालं, शेजारचा भागही सुधारला. तेव्हा "नुसता पलीकडे जातो" हे सरसकट खरं नाही, आणि कधीच सरकत नाही असंही नाही.

खांबावरचा
कॅमेरे बसवणं हाच माझा धंदा आहे, तरी सांगतो, तुम्हाला वीस कॅमेरे नकोत.

तुमच्या फुटेजमध्ये चेहरा का दिसला नाही ते आधी बघू. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सगळे विचारतात, पण विचारायला हवं ते हे की माणूस जिथे उभा राहणार तिथे एका मीटर रुंदीत किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, पडतात. आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत आकडे दिलेले होते. कुणीतरी माणूस आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल. ओळखीचा माणूस ओळखायला १२५. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५०.

आता साधा फुल एचडी कॅमेरा घ्या. त्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. भागिले २५०, म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीची जागा. बहुतेक ठिकाणी एकाच कॅमेऱ्यात अख्खं पार्किंग बसवलेलं असतं. समजा तीस मीटर. मग मीटरला ६४ पिक्सेल उरतात. कुणी आलं, वाकलं, गेलं हे दिसेल. कोण होतं ते कधीच दिसणार नाही, आणि हा हिशेब भर दुपारचा आहे.

रात्री आणखी कठीण. उजेड नसला की कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. जवळ आलेला चेहरा त्यात इतका उजळतो की नाक-डोळे पुसून जातात. तुमचा पांढरा डाग तोच असणार. त्यात चित्र काळं-पांढरं, शर्टाचा रंग कळत नाही, आणि काही काळे कपडे इन्फ्रारेडमध्ये चक्क फिके दिसतात. साक्षीदार म्हणतो काळा शर्ट, फुटेज म्हणतं पांढरा, बसा मग गोंधळात. शिवाय अंधारात प्रत्येक चित्राला प्रकाश गोळा करायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे चालणारा माणूस फराटल्यासारखा उमटतो. दिव्याभोवती किडे, किड्यांमागे कोळी, आणि कोळ्याचं जाळं काचेसमोर चमकत राहतं. माझ्याकडे येणाऱ्या रात्रीच्या तक्रारींपैकी कितीतरी नुसत्या फडक्याने सुटतात.

उंचीचंही तसंच. कुणी तोडू नये म्हणून पाच-सहा मीटरवर लावतात आणि मग वर्षभर टोप्यांचं चित्रण होतं.

आणि ही आकडेमोड कमिटीला दाखवाच. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला साधारण ४३ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे ३४५. डिस्क चार टीबीची असेल तर साडेअकरा दिवसांनी जुनं पुसायला सुरुवात. त्याच डिस्कवर वीस कॅमेरे जोडलेत तर साडेचार दिवसांत पुसलं जाईल. गावाला गेलेला माणूस आठवड्याने परतून "माझी सायकल?" म्हणेल तेव्हा दाखवायला काही नसेल. कॅमेरे वाढवले आणि पुरावा कमी झाला असं मी दोन ठिकाणी पाहिलंय.

तुमच्या जागी मी असतो तर आत-बाहेर जायच्या प्रत्येक वाटेवर एकेक कॅमेरा, अडीच ते तीन मीटर उंचीवर, फक्त त्या दारापुरता आवळलेला, आणि तिथे नीट पांढरा उजेड. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जोडून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

रातराणी
मी रुग्णालयात पाळीवर काम करते. आठवड्यातले तीन-चार दिवस घरी यायला रात्रीचे साडेअकरा होतात. त्यामुळे हा प्रश्न मी रोज पायी चालते.

आमच्या फाटकावर एकदा असाच प्रकार झाला म्हणून मोठा फोकस बसवला. सगळे खूश. पण रस्त्यावरून येताना तो सरळ डोळ्यांत जायचा आणि त्याच्या मागे कोण उभं आहे ते अजिबात दिसायचं नाही. फाटकातून आत गेलं की पुढची साठ-सत्तर पावलं आंधळ्यासारखी. उजेडातून काळोखात आल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तोवर मी घरी पोचून जेवलेली असते. आधीचा मिणमिणता दिवा बरा होता असं मी म्हटलं तेव्हा कुणाला पटलं नाही. एका वयस्कर काकूंना पटलं, कारण त्याही संध्याकाळनंतर त्याच वाटेने येतात.

मला झगझगाट नकोय. मला वाटेवर सगळीकडे सारखा उजेड हवाय, एक खांब लख्ख आणि पुढचे दोन खांब काळोख असं नको. समोरून येणाऱ्याचा चेहरा चार-पाच पावलं आधी नव्हे, चांगला लांबून दिसायला हवा. म्हणजे पुढे जायचं, थांबायचं, की मागे वळून लोक आहेत त्या बाजूने जायचं हे मला ठरवता येतं. कॅमेऱ्यात काय उमटलं ते दुसऱ्या दिवशी बाकीचे बघतील. मी त्या क्षणी तिथे एकटी असते.

झाडांकडेही बघा. आमच्याकडे दिवा चालू होता, वीजही जात होती, पण फांदी इतकी वाढली होती की उजेड पानांवरच संपायचा. नोंदीत मात्र "दिवा सुरू".

सरळरेघ
दिव्यांबद्दल बोललं जातंय ते बरोबर आहे, पण कॅमेऱ्यांना इतकं हलकं करू नका, ही विनंती. माझ्या भावाला रात्री एका गाडीने उडवलं आणि गाडी निघून गेली. रस्त्यावर माणूस नव्हता. नवव्या दिवशी गाडी सापडली ती केवळ वळणावरच्या एका गोदामाच्या कॅमेऱ्यात नंबरचे चार अंक दिसले म्हणून. भाऊ अजून काठी घेऊन चालतो. गाडी सापडली नसती तर उपचारांचा खर्च आणि मनाची तगमग दोन्ही आमच्याच पदरात राहिलं असतं.

गुन्हा टळला नाही हे खरं. पण टळणं हा एकच निकष लावून कॅमेरा "कुचकामी" ठरवाल तर माझ्यासारख्यांचं काय?

नोंदवही
सरळरेघ यांच्याशी मी सहमत आहे. मी अनेक वर्षे तपासाचे काम केले, आता निवृत्त आहे. टाळणे आणि तपास करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि हा धागा वाचताना ती एकमेकांत मिसळत आहेत असे वाटले.

तपासातील उपयोगाचा एक चांगला हिशेब ॲश्बी या अभ्यासकाने २०१७ मध्ये मांडला. ब्रिटनच्या रेल्वेवर २०११ ते २०१५ या पाच वर्षांत नोंदलेले २,५१,१९५ गुन्हे त्याने तपासले. त्यांपैकी ४५ टक्के प्रकरणांत चित्रण उपलब्ध होते, आणि जिथे उपलब्ध होते त्यातील ६५ टक्के प्रकरणांत ते तपासाला उपयोगी पडले. म्हणजे एकूण गुन्ह्यांच्या २९ टक्के. हे रेल्वेचे आकडे आहेत, जिथे कॅमेरे भरपूर आणि त्यांची निगा राखणारी माणसे पगारी. वसाहतीत एवढे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तरीही उपयोग आहे हे नाकारता येत नाही.

१९९३ मध्ये ब्रिटनमधील एका खरेदी संकुलातून दोन वर्षांच्या मुलाला दहा वर्षांच्या दोन मुलांनी हात धरून बाहेर नेले. नंतर त्याचा खून झाला. तो हात धरून नेतानाचा क्षण कॅमेऱ्यात होता. अस्पष्ट का होईना, ते दृश्य देशभर दाखवले गेले आणि तपासाला त्याची मदत झाली. त्यानंतर सगळ्यांना कॅमेरे हवेसे झाले. मला मात्र ते दृश्य आठवले की प्रत्येक वेळी हेच मनात येते, की त्या क्षणी आजूबाजूने माणसे जात होती आणि कॅमेराही बघत होता, आणि तरीही कोणाला काही वावगे वाटले नाही. मुलाचे हात धरून चालणे यात वावगे दिसण्यासारखे काही नव्हतेच. कॅमेऱ्याला हेतू दिसत नाही.

उंबरठा यांना कामाचे चार शब्द. चोरी लक्षात आली की आधी रेकॉर्डिंगची प्रत काढून ठेवा, चर्चा नंतर. पडद्याचे मोबाइलवर चित्रण करून पाठवू नका, मूळ फाइल ठेवा. पडद्यावरच्या घड्याळात आणि खऱ्या वेळेत किती फरक होता ते त्याच दिवशी लिहून सही करा, पुढे तो फरक शोधता येत नाही. आणि घटनेच्या आधीचा आठवडाही बघा. पार्किंगमधली चोरी करणारा पुष्कळदा आधी एक-दोनदा येऊन पाहून गेलेला असतो, आणि तेव्हा त्याने टोपी घातलेली नसते.

उंबरठा
नोंदवही, शेवटच्या वाक्यासाठी विशेष आभार. आधीचे दिवस बघायचं आम्हाला सुचलंच नाही. आता बघायला गेलो तर पुसलं गेलंय. खांबावरचा यांनी सांगितलेलं गणित आमच्याच बाबतीत खरं ठरलं.

दिव्यांबद्दल मोजमाप झालंय का? बैठकीत "दिव्याने काय होतं" असं विचारणारे बरेच आहेत.

मोजपट्टी
झालंय, आणि त्यात काही निष्कर्ष चक्रावणारे आहेत.

आधी जुनं. फॅरिंग्टन आणि वेल्श यांच्या २००८ च्या आढाव्यात १३ अभ्यास होते. रस्त्यावरचे दिवे सुधारल्यावर गुन्हे सरासरी २१ टक्क्यांनी घटले. इंग्लंडमधल्या डडली इथे पेंटर आणि फॅरिंग्टन यांनी घरोघर जाऊन तुमच्यासोबत काही घडलं का असं विचारलं होतं. दिवे सुधारलेल्या भागात घटनांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली, तुलनेच्या भागात १५ टक्क्यांनी. तुलनेच्या भागातली ती १५ टक्के घट नीट बघा. तो भाग पाहिलाच नसता, तर सगळी ४१ टक्के घट दिव्यांच्या नावावर लागली असती.

सगळ्यात भक्कम प्रयोग न्यूयॉर्कचा, २०१६ मधला. सार्वजनिक घरांच्या जवळपास ८० वसाहती घेतल्या आणि त्यातल्या साधारण निम्म्या सोडत काढून निवडल्या, म्हणजे निवडीत कुणाची आवडनिवड नाही. तिथे सहा महिने दिव्यांचे मोठे मनोरे उभे केले. घराबाहेर रात्री होणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी कमी झाले. पण सावध राहा, ते मनोरे मैदानावरच्या दिव्यांसारखे प्रखर होते, डिझेलवर चालणारे. आपल्या खांबावरच्या दिव्याची त्यांच्याशी तुलना होत नाही, आणि रातराणी म्हणतात तो झगझगाटाचा प्रश्न तिथे राहणाऱ्यांना नक्कीच जाणवला असेल. हे शेवटचं माझं मत.

उलट बाजूने शिकागो. तिथल्या गल्ल्यांमध्ये ९० वॅटचे दिवे काढून २५० वॅटचे लावले. २००० सालच्या अहवालात उजळलेल्या भागात नोंदलेले गुन्हे २१ टक्क्यांनी वाढले! यामागे एक शक्यता अशी की उजेडामुळे लोकांना आणि पोलिसांना जास्त दिसू लागलं आणि नोंद वाढली. दुसरी अशी की निर्मनुष्य गल्लीत उजेड चोरालाही उपयोगी पडतो, त्याला टॉर्च लागत नाही. आणि २०१५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक प्रशासनांच्या आकड्यांवरून दिसलं की दिवे मंद केल्याने किंवा रात्री काही तास बंद ठेवल्याने गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा मिळत नाही.

हे सगळं परस्परविरोधी वाटतं, पण मला त्यात एक धागा दिसतो. उजेडाचा उपयोग तिथे, जिथे त्या उजेडात बघणारं कुणी असतं. मध्यरात्री ओसाड रस्त्यावर दिवा असला-नसला तरी बघणारं कुणीच नाही. लोक ये-जा करतात त्या वेळी मात्र फरक मोठा. डोलियाक आणि सँडर्स यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतली एक गोष्ट वापरून हे दाखवलं. तिथे वसंतात घड्याळं एक तास पुढे करतात, त्यामुळे संध्याकाळचा एक तास अचानक अंधाराऐवजी उजेडात येतो. जबरी चोऱ्या एकूण ७ टक्क्यांनी घटल्या, आणि नेमक्या सूर्यास्ताच्या तासात २७ टक्क्यांनी. लोक कामावरून घरी परतायची तीच वेळ.

पायवाट
पण आमच्याकडे घरफोड्या झाल्या त्या दिवसा, सगळे कामावर असताना. तिथे दिवा काय करणार?

मोजपट्टी
चांगला प्रश्न. त्या २००८ च्या आढाव्यात रात्रीइतकेच दिवसाचे गुन्हेही घटलेले दिसले होते. दिवसा तर दिवे बंद असतात. त्यावरून अभ्यासकांनी असं मांडलं की परिणाम केवळ उजेडाचा नसावा. रस्त्याकडे लक्ष दिलं गेलं, लोक संध्याकाळी बाहेर बसू लागले, एकमेकांना ओळखू लागले, आणि ओळख दिवसाही कामी येते. हा तर्क आहे, थेट मोजलेलं नाही.

काजळकाठ
इतका वेळ कॅमेऱ्यात काय दिसतं यावर बोलणं झालं. कोण बघतं यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

१९९०च्या दशकात ब्रिटनमधल्या तीन नियंत्रण कक्षांत अभ्यासकांनी ५९२ तास बसून बघणाऱ्यांनाच बघितलं. कॅमेरा कुणाच्या मागे वळतो, हे त्या व्यक्तीने काय केलं यापेक्षा ती कशी दिसते यावर जास्त ठरत होतं. तरुण मुलं, कृष्णवर्णीय माणसं, कपड्यांवरून "इथली नाही" वाटणारी माणसं. आणि स्त्रियांवर कॅमेरा रोखला गेला त्यातला काही भाग सुरक्षेसाठी नव्हताच. वसाहतीतल्या रेकॉर्डरचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे? आमच्याकडे तो भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर होता. मी अमुक दिवशी किती वाजता आले आणि सोबत कोण होतं, हे मला एका शेजाऱ्याने हसत सांगितलं. चोरीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यानंतर वर्षभर मी त्या दाराने गेले नाही.

यंत्राचीही बाजू आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. त्या यंत्रांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट तासन्‌तास अडवली गेली.

आणि एक गोष्ट जड जाईल, तरी लिहिते. स्त्रियांवरच्या हिंसेचा मोठा भाग घरात होतो, ओळखीच्या माणसाकडून, बहुतेकदा जोडीदाराकडूनच. तिथे रस्त्यावरचा दिवा पोचत नाही आणि कॅमेरा तर नाहीच नाही. वसाहत वीस कॅमेऱ्यांनी "सुरक्षित" झाली असं जाहीर होतं तेव्हा बंद दाराआडची बाई त्या हिशेबात नसते.

सरळरेघ
काजळकाठ, तुमच्यासोबत झालं ते चूकच आहे. पण उपाय कॅमेरा काढणं नाही, कोण बघू शकतो हे लिहून ठरवणं आहे. दोन माणसं एकत्र असल्याशिवाय उघडायचं नाही, उघडलं की तारीख आणि कारण वहीत.

काजळकाठ
तसा नियम खरोखर पाळला गेला तर माझी हरकत नाही. घरांच्या खिडक्या आणि दारं चौकटीत येणार नाहीत एवढं त्यात जोडा. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये तेवढा भाग काळा करता येतो.

खांबावरचा
येतो. बसवणाऱ्याला सांगावं मात्र लागतं, आपणहून कुणी करत नाही.

उंबरठा
पंधरा दिवस झाले, काय ठरलं ते कळवतो.

बैठकीच्या आधी एका रात्री अकरा वाजता आम्ही पाचजण वसाहतीभोवती चाललो. रातराणी यांचं लिहिलेलं वाचून दाखवलं होतं, म्हणून दोन बायकांना मुद्दाम पुढे चालायला सांगितलं: जिथे पाऊल अडखळेल तिथे थांबा. त्या चार ठिकाणी थांबल्या. त्यातली दोन ठिकाणं मला कधीच जाणवली नव्हती. एक म्हणजे कचरापेटीमागची भिंत, तिथे माणूस उभा राहिला तर दोन पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. दुसरं, जिन्याखालचा कोनाडा. मी त्या कोनाड्याशेजारून बारा वर्षं जातोय.

मग सुरक्षारक्षकाच्या वहीतून आणि लोकांना विचारून दोन वर्षांतल्या घटना एका कागदावर मांडल्या. अकरा निघाल्या. सात पार्किंगमध्ये, त्यातल्या पाच मागच्या फाटकाने आलेल्याच्या. त्या फाटकावर ना दिवा होता ना कॅमेरा, आणि कडी बाहेरून हात घालून उघडते. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

ठरलं ते असं. कडी बदलली, पहिल्याच दिवशी. मागच्या वाटेवरचे तीन दिवे लावले आणि मधे आणखी एक टाकला, झाकण असलेला, म्हणजे डोळ्यांत जात नाही. फांद्या छाटल्या. कचरापेटी हलवली. नवे कॅमेरे वीस नाहीत, दोन. दोन्ही फाटकांवर, पावणेतीन मीटर उंचीवर, फक्त दारापुरते. डिस्क मोठी घेतली. पासवर्ड दोघांकडे अर्धा-अर्धा आणि बघण्याची वही सुरू. वीस कॅमेऱ्यांचा आग्रह धरणारे गृहस्थ आधी नाराज होते, पण नव्या कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा रात्री स्पष्ट दिसल्यावर त्यांनीच जुन्या आठातले दोन खाली उतरवून लावायला सांगितले.

चोऱ्या थांबल्या का, ते विचारू नका. मोजपट्टी यांनी बजावलंय, चार महिन्यांत काही कळत नाही. मी घटनांची नोंद ठेवतोय, शेजारच्या वसाहतीलाही ठेवायला सांगितलीय. वर्षाने इथेच लिहीन.

मोजपट्टी
शेजारच्यांना सांगितलंत हे फार चांगलं केलंत. दिवसा-रात्रीची वेळही लिहा.

रातराणी
दोन बायकांना पुढे चालवलंत, बरं वाटलं वाचून. एकच विचारते. दिवा पुन्हा गेला तर कुणाला सांगायचं ते ठरलंय का? आमच्याकडे सगळं तिथेच अडतं. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल.

उंबरठा
ठरलं नव्हतं. तुमचं वाचून काल खांबांवर आकडे रंगवले, एक ते चौदा, आणि खाली कुणाला फोन करायचा ते लिहिलं. आज सकाळी सात नंबर बंद असल्याचा पहिला फोन आला, तोही तिसरीतल्या एका मुलीचा. दुपारी चारला तो बदलून झाला.